रान विसरलेलं झुरळ

पायाखाली ओला चिखल लागतो आणि नाकात कुजणाऱ्या पेंढ्याचा वास शिरतो. कापणी होऊन गेलेल्या भातखाचराच्या बांधावर तुम्ही उभे आहात, आजपासून सुमारे २१०० वर्षं मागे. दख्खनेत हा सातवाहनांचा काळ. तुम्ही मात्र तिथून पार पूर्वेला आला आहात, बंगालच्या उपसागराच्या वरच्या अंगाला, ज्या मुलखाला आज आपण भारत आणि म्यानमार म्हणतो तिथे.

सूर्य बुडतोय. तुम्ही पाऊल उचलता आणि पाचोळ्यातून पाच-सहा फिकट तपकिरी किडे भुर्रकन उडतात, थोडं पुढे जाऊन गवताच्या पात्यांवर बसतात. उकिडवं बसून एकाकडे नीट बघा. लांबी जेमतेम दीड सेंटीमीटर. डोक्यामागच्या ढालीवर दोन काळसर समांतर रेघा. अंगापेक्षा लांब मिशा, सतत हवा चाचपणाऱ्या. ही आकृती तुमच्या ओळखीची आहे, पण वागणं अनोळखी आहे. हा किडा उघड्यावर राहतो. पाचोळा खातो, सापडली तर पतंगांची अंडीही खातो. त्याला छान उडता येतं. आणि अंधार पडू लागला की तो उजेडाकडे जातो.

आज आपण याला आशियाई झुरळ म्हणतो. शास्त्रीय नाव ब्लाटेला असाहिनाई. आपल्या स्वयंपाकघरातल्या त्या बारक्या, जर्मन म्हणवल्या जाणाऱ्या झुरळाचं, ब्लाटेला जर्मानिकाचं, हे मूळ घराणं.

बांधाच्या टोकाला एक झोपडी आहे. बांबूच्या कुडाला माती लिंपलेली, वर गवताचं छप्पर. आत शिरा. चूल नुकतीच विझली आहे, पण माती अजून गरम आहे. मडक्यातल्या पाण्याचा पाझर जमिनीवर उतरलाय. कोपऱ्यात भाताची कणगी, तिच्या बुडाशी कोंडा आणि सांडलेले दाणे. बाहेरच्या पाचोळ्यात ऊब, ओल आणि अन्न एका जागी मिळायला ऋतूचं नशीब लागतं. इथे ते बारा महिने आहे. कुडाचं लिंपण जिथे तडकलंय तिथे एक मादी शिरते.

आता याच झोपडीत थांबा आणि वर्षं सरू द्या. झोपडी पडते, शेजारी दुसरी उभी राहते, वस्ती वाढते. या उबेत झुरळांच्या वर्षाला तीन-चार पिढ्या होतात, म्हणजे माणसाच्या एका पिढीत त्यांच्या साठ-सत्तर. दिव्याकडे झेपावणारं झुरळ पालीच्या तोंडी जातं, नाहीतर चपलेखाली. फटीत दबून राहणारं जगतं आणि अंडी देतं. हे प्रत्यक्ष पाहायला कोणी नव्हतं, पण शेवट आपल्यासमोर आहे. आजच्या घरगुती झुरळाला पंख आहेत आणि ते उडत नाही. त्याच्या पूर्वजाला उजेड हवा होता, याला तो सोसत नाही.

हा हिशेब २०२४ साली लागला. च्यान तांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७ देशांतून २८१ झुरळं जमवली, त्यांची जनुकं ताडून पाहिली आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात निष्कर्ष छापले. त्यातून ही सुमारे २१०० वर्षांची गणना आली, आणि भारत-म्यानमारचा हा मुलूखही. मला त्यातली सगळ्यात विलक्षण वाटते ती गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती दिसेनाशी झालीय: जर्मन झुरळाची रानातली वस्ती आज कुठेही आढळत नाही. उंदराला शेत आहे, माशीला उकिरडा आहे. या झुरळाला माणसाचं छप्पर सोडून दुसरी जागा नाही. ते आपल्या घरात घुसलं असं आपण म्हणतो, पण ते घडलंच आपल्या घरात.

कसं घडलं ते बघायचं तर तुम्हाला लहान व्हावं लागेल. व्हा दीड सेंटीमीटरचे, आणि शिरा त्या तडकलेल्या लिंपणात.

आत गेल्याबरोबर पाठीला वरची माती लागते, पोटाला खालची. बरं वाटतं. पाठ आणि पोट दोन्हीकडून स्पर्श झाल्याशिवाय या देहाला स्वस्थता नाही, म्हणून मोकळ्या मोठ्या पोकळीपेक्षा काही मिलिमीटरची चीर त्याला जास्त सुरक्षित. फट भरलेली आहे. थोरली, धाकटी, नुकती कात टाकून पांढरीशुभ्र झालेली, सगळी एकमेकांना खेटून बसली आहेत. इथे जो दमट, तेलकट वास भरून राहिलाय तो त्यांच्याच विष्ठेचा, आणि तो घडवणारे आहेत आतड्यांतले जिवाणू. २०१५ साली प्रयोगशाळेत निर्जंतुक वाढवलेल्या झुरळांची विष्ठा ठेवून पाहिली, तर पिल्लं तिच्याकडे फारशी फिरकेनात. जिवाणूंशिवाय ‘इथे आपली माणसं आहेत’ ही खूण उमटतच नाही.

सोबत ही या किड्यासाठी चैन नाही. एकटं वाढवलेलं पिल्लू उशिरा वयात येतं. शेजारी दुसरं झुरळ असावं लागतं, त्याच्या मिशांचा स्पर्श व्हावा लागतो, तेव्हा वाढीला वेग येतो. तुमच्याही मिशा आता शेजारच्याच्या मिशांवरून फिरताहेत. त्या स्पर्शातून नर-मादी कळते, आपला-परका कळतो. मागच्या बाजूला, पोटाच्या टोकाशी दोन आखूड शेपट्या आहेत, त्यांवर बारीक केस. बाहेर कोणी हात हलवला तरी हवेची झुळूक त्या केसांना आधी कळते आणि डोळ्यांनी काही पाहायच्या आत पाय धावू लागलेले असतात.

फटीच्या तोंडाशी एक मादी पंख किंचित वर उचलून, पोट खाली वाकवून उभी आहे. तिच्या शेवटच्या खंडातून एक रसायन हवेत सुटतंय. २००५ साली त्याची रचना उलगडली आणि ब्लाटेलाक्विनोन हे नाव मिळालं. नर वासावर येतो. दोघांच्या मिशा भिडतात. तिच्या अंगावरच्या मेणाची चव लागताच तो गर्रकन वळून तिच्याकडे पाठ करतो आणि पंख उभारतो. पाठीवरच्या ग्रंथींत त्याने तिच्यासाठी खाऊ ठेवलेला असतो: काही शर्करा, काही स्निग्ध पदार्थ. ती त्याच्या पाठीवर चढून तो चाटू लागते, आणि त्या काही सेकंदांत तो मागून तिला धरतो. हा खाऊ लक्षात ठेवा. दोन हजार वर्षांनी फ्लोरिडात त्याच्यापायी मोठी उलथापालथ होणार आहे.

पुढचं काम मादी एकटी करते. तीस-चाळीस अंडी दोन रांगांत लावलेली एक कोशपेटी तिच्या पोटाच्या टोकातून बाहेर येते. आधी उभी येते, मग आडवी वळते. मोठी अमेरिकन झुरळं अशी पेटी दोन-चार दिवसांत कुठेतरी चिकटवून मोकळी होतात. ही मादी तसं करत नाही. पिल्लं बाहेर पडायच्या जेमतेम आदल्या दिवसापर्यंत, उबेच्या प्रमाणात दोन ते चार आठवडे, ती पेटी अंगाला जोडलेली वागवते. तिच्या देहातून अंड्यांना पाणी पोचत राहतं. वेळेआधी पेटी तोडली तर अंडी वाळून जातात. या काळात ती कमी खाते, कमी हिंडते. पूर्वजांकडून आलेली ही सवय पुढे जगभर पसरायला फार उपयोगी पडणार आहे, कारण अशी एक मादी म्हणजे अख्खी वसाहत. एकदा झालेला समागम तिला जन्मभर पुरू शकतो.

अजून आत बघा, तिच्या देहातल्या चरबीत. तिथे काही पेशी जिवाणूंनी गच्च भरलेल्या आहेत. फ्रीडरिश ब्लॉखमान यांना ते १८८७ साली दिसले, आज त्यांना ब्लाटाबॅक्टेरियम म्हणतात. आपण मूत्रातून जे नत्र टाकून देतो तेच झुरळ यूरिक आम्लाच्या रूपात चरबीत साठवतं, आणि त्यातल्या नत्रापासून हे जिवाणू अमिनो आम्लं बनवून परत देतात. अंडी तयार होतानाच ते त्यांत शिरतात, त्यामुळे प्रत्येक पिल्लू आपली शिदोरी घेऊनच जन्मतं. डिंक, साबणाचा लगदा, पुस्तकाच्या बांधणीची खळ, गळून पडलेलं नख यांवर हा किडा तग धरतो त्याचं कारण इथे आहे. पाणी मिळालं तर मादी अन्नाशिवाय महिनाभर काढते. पाणीही नसेल तर दोन आठवड्यांच्या आत संपते. तिची खरी नड पाण्याची.

चला, पुन्हा माणूस व्हा. आता समुद्रावर जायचंय.

सुमारे १२०० वर्षांपूर्वीचा काळ. बगदादमध्ये अब्बासी खलिफा आहेत, आणि तुम्ही बसऱ्याकडे निघालेल्या एका गलबताच्या पोटात अंधारात बसला आहात. या गलबताला खिळे नाहीत. फळ्या नारळाच्या काथ्याने शिवल्या आहेत. दोन फळ्यांच्या मध्ये हात फिरवा: चीर, ओल, ऊब. शेजारी तांदळाच्या गोणी आणि भाकरीच्या टोपल्या. याच सागरवाटेवर आपले सोपारा, ठाणे, चौल होते. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अरब प्रवासी अल मसूदी चौलला येऊन गेला. झुरळ नेमकं कोणत्या बंदरातून चढलं ते जनुकं सांगत नाहीत, पण ते या काळात पश्चिमेकडे गेलं हे सांगतात. उमय्या आणि अब्बासी राजवटींनी सैन्य आणि व्यापार यांची जी जाळी विणली, तिच्यावरून. आठवड्यांमागून आठवडे प्रवास चालतो, आणि कोशपेटी आईच्या अंगाला जोडलेली असल्यामुळे वाटेत वाया जात नाही. उतरल्यावर जन्मलेली पिल्लं बसऱ्याच्या वखारीत मोठी होतात.

दुसरी वाट पूर्वेची, सुमारे ३९० वर्षांपूर्वीची. डच आणि इंग्रज कंपन्यांची जहाजं, बटाव्हियाचं बंदर, मसाल्यांची कोठारं. तिथे फार रेंगाळायला नको. फटी त्याच, फक्त जहाजं मोठी झाली आहेत.

आता थंडी. दात वाजताहेत. १७५० नंतरचं मध्य युरोप, सप्तवार्षिक युद्धाचे दिवस, सैन्याच्या पावाचं कोठार. दार उघडताच मशालीच्या उजेडात भिंत हलल्यासारखी होते आणि क्षणात रिकामी दिसते. प्रशियाचे लोक या किड्याला रशियन म्हणतात, रशियन लोक प्रशियन. १७६७ साली स्वीडनमध्ये कार्ल लिनियस आपल्या ग्रंथाच्या बाराव्या आवृत्तीत त्याची नोंद करतात तेव्हा त्याच्या नावापुढे ‘जर्मानिका’ लागतं. तिथून तो जगाच्या लेखी जर्मन झाला. लिनियसना त्याचं बांबूच्या कुडातलं बालपण माहीत असणं शक्यच नव्हतं.

कोठाराबाहेर बर्फ आहे. उष्ण मुलखातला हा किडा इथे एक रात्रही उघड्यावर काढू शकत नाही. तो आहे तो पाव भाजण्याच्या भट्टीमागे, आणि हिवाळाभर तिथून हलत नाही. पुढची दीडशे वर्षं तुम्ही झपाट्याने ओलांडा. घरांत बंदिस्त चुली येतात, मग भिंतींतून वाफेचे नळ फिरतात. वाफेच्या जहाजांनी महिन्यांचे प्रवास दिवसांवर आणले आहेत. माणसाने स्वतःला थंडी वाजू नये म्हणून जे जे केलं त्यातून या किड्याची विषुववृत्ताशी असलेली गाठ सुटत गेली. गेल्या सुमारे १२० वर्षांत तो युरोपातून उरलेल्या जगभर गेला. न्यूयॉर्कच्या इमारतींत आणि मॉस्कोच्या स्वयंपाकघरांत त्याला झोपडीतल्या चुलीमागचीच हवा मिळाली.

१९५२. टेक्सासमधलं कॉर्पस क्रिस्टी. तुम्ही एका घरात उभे आहात आणि फवाऱ्याचा उग्र वास डोळ्यांत चढतोय. दुसऱ्या महायुद्धानंतर बाजारात आलेलं क्लोर्डेन हे औषध इतकं जालीम, की झुरळांचा प्रश्न आता कायमचा मिटला अशी लोकांची खात्री झाली आहे. फवारणारा माणूस फळीखाली औषध मारतो, झुरळं बाहेर येतात, अंगावर औषध घेऊन चालत राहतात. मरत नाहीत. अवघ्या काही वर्षांत औषध निकामी झालंय. क्लोर्डेनचं विष न बाधणाऱ्या झुरळांची पहिली नोंद याच गावातली. त्यानंतर आलेल्या जवळजवळ प्रत्येक जातीच्या औषधाचं कुठे ना कुठे हेच झालं. २०१९ साली इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं, की काही वसाहतींत एका पिढीत प्रतिकार चार ते सहा पटींनी वाढतो, आणि ज्या औषधाशी गाठही पडलेली नाही त्याच्याविरुद्धही तयार होतो.

इथून फ्लोरिडा. साल १९८६, टँपाजवळचं लेकलँड. संध्याकाळ. बंगल्याच्या हिरवळीवरून चाला. गवतातून फिकट तपकिरी किडे भुर्रकन उडतात आणि उघड्या खिडकीतून थेट टीव्हीच्या पडद्यावर जाऊन बसतात. हे २१०० वर्षांपूर्वीचे बांधावरचे नातलग, आशियाई झुरळ, कुठल्यातरी जहाजातून नुकतेच अमेरिकेत पोचलेले. आत घरात, सिंकखाली, जर्मन झुरळं आहेत. मधे जाळीचा दरवाजा. दोघांना शेजारी ठेवलं तर तज्ज्ञालाही पटकन फरक सांगता येत नाही, आणि त्यांचा एकमेकांशी संकरही होऊ शकतो. पण एक उजेडाकडे उडतो आणि दुसरा उजेडापासून पळतो. हिरवळीवरचा घरात चुकून शिरला तरी फार टिकत नाही. घरातला हिरवळीवर टिकत नाही. एवढ्या थोड्या काळात एक दाराबाहेरचा आणि एक दाराआतला झाला. उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षांची गोष्ट, असं शाळेत शिकलेल्या माझ्यासारख्याला हे समजून घ्यायला वेळ लागतो.

त्याच राज्यात, गेन्सव्हिल शहरात, एका अपार्टमेंटमध्ये चला. फवाऱ्याचे दिवस मागे पडलेत. आता विष घातलेला गोड खाऊ ठेवतात, ज्याला आपल्याकडे आमिष म्हणावं. त्यात ग्लुकोज असतं, कारण झुरळाला ते प्रिय. काही वर्षं आमिषाने उत्तम काम केलं आणि मग इथे ते चालेनासं झालं. ज्यूल्स सिल्व्हरमन नावाचे कीटकशास्त्रज्ञ या घरातली झुरळं प्रयोगशाळेत नेतात. तुम्ही त्यांच्या खांद्यावरून बघा. झुरळ आमिषाजवळ येतं, तोंड लावतं आणि चटका बसावा तसं मागे उडी मारतं. सिल्व्हरमन विष काढून टाकतात. तरी तेच. मग आमिषातला एकेक घटक वेगळा करून देतात. फ्रुक्टोज दिलं की ते आनंदाने खातं. नुसतं ग्लुकोज दिलं की पळतं. प्राण्यांचं साधंसुधं इंधन जे ग्लुकोज, त्याचा या झुरळांना तिटकारा आला आहे, आणि तो आईबापांकडून पिल्लांकडे जातो. १९९३ साली हे छापून आलं.

हे नेमकं कसं होतं ते कळायला आणखी २० वर्षं गेली. उत्तर कॅरोलायनातल्या रॅली शहरात, आयाको वाडा-कात्सुमाता आणि कोबी शाल यांच्या प्रयोगशाळेत, तुम्ही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. झुरळाच्या तोंडाजवळचा एकच केस पकडला आहे, त्याच्या टोकाला ग्लुकोजचा थेंब, आणि मज्जापेशींचे विद्युत्‌संदेश पडद्यावर उमटताहेत. नेहमीच्या झुरळात ग्लुकोजने फक्त गोड चवीची पेशी जागी होते. या झुरळांत कडू चवीची पेशीही जागी होते आणि ती गोडाला दाबून टाकते. त्यांना साखर खरोखरच कडू लागते. २०१३ साली ‘सायन्स’मध्ये हे आलं. आपण साखरेत विष कालवलं. ज्यांच्यात योगायोगाने हा बिघाड होता तेवढी वाचली, आणि बिघाड हीच त्यांची संपत्ती ठरली.

पण याची किंमत कुठे मोजावी लागली ते बघा. तो नराच्या पाठीवरचा खाऊ आठवतो ना? त्यात माल्टोज नावाची शर्करा असते, आणि मादीच्या लाळेने तिचं काही क्षणांत ग्लुकोज होतं. काचेच्या पेटीत नर पंख उभारतो, मादी चढते, चाटते आणि एकदम थबकते. तोंडातली गोडी कडू झाली आहे. ती उतरून निघून जाते. नराला तिला धरायला वेळच मिळालेला नाही. आमिषापासून जीव वाचवणारी जीभ आता वंश तोडायला निघाली होती. तरीही त्या वसाहती संपल्या नाहीत. २०२२ आणि २०२३ मध्ये याच गटाने दाखवलं, की अशा वसाहतींतल्या नरांच्या खाऊत आता फुटायला जास्त वेळ लागणारी शर्करा अधिक असते, आणि ते मादीला पूर्वीपेक्षा लवकर धरतात. कडू चव उमटायच्या आत काम झालेलं असतं. आपण स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवलेल्या आमिषाने एका जिवाचं प्रियाराधन बदललं. मला यात माणसाचा विजय दिसत नाही, पराभवही दिसत नाही. आपला हात किती खोलवर पोचतो ते दिसतं.

या सगळ्यात आपल्या मुलांचं काय होतं, तेही बघायला हवं. १९९० च्या दशकातल्या अमेरिकी शहरांतल्या गरीब वस्त्या. लहान खोली, गच्च बंद खिडक्या, आणि छाती भात्यासारखी वर-खाली होत असलेला एक मुलगा. झुरळं चावत नाहीत म्हणून घरच्यांनी त्यांच्याकडे फार लक्ष दिलेलं नाही. पण त्यांची विष्ठा, लाळ आणि गळलेल्या काती यांची पूड धुळीत मिसळते आणि उशीवर बसते. १९९७ साली डेव्हिड रोझेनस्ट्राइक आणि सहकाऱ्यांनी दम्याच्या ४७६ मुलांचा अभ्यास छापला. त्यांतल्या ३६.८ टक्के मुलांना झुरळाची ॲलर्जी होती. आणि ज्यांना ती ॲलर्जी होती व ज्यांच्या झोपायच्या खोलीत ही धूळही जास्त होती, त्यांना इतर मुलांच्या मानाने कितीतरी जास्त वेळा दवाखान्यात भरती करावं लागलं. झुरळांची किळस येते म्हणून नव्हे, तर या मुलांच्या श्वासासाठी त्यांचा बंदोबस्त करायचा असतो. न्यू ऑर्लिन्समध्ये फेलिशिया राबितो यांच्या गटाने २०१७ साली दाखवलं, की घरात विचारपूर्वक जागा निवडून फक्त आमिषं ठेवली तरी दम्याचा त्रास कमी होतो. महागडी साफसफाई लागत नाही. गरीब घरांसाठी हे फार मोलाचं आहे.

आता तुम्ही आजच्या मुंबईत आहात, रात्री दोन वाजता, एका फ्लॅटच्या स्वयंपाकघरात. दिवा लावू नका; टॉर्चला लाल जिलेटिन गुंडाळा, तांबडा उजेड त्यांना जवळजवळ दिसत नाही. फ्रिजमागे कंप्रेसरची ऊब आहे. त्याच्या दाराच्या रबराच्या घडीत पिल्लांची रांग आहे, कारण तिथे थंडाव्याने हवेतलं पाणी साचतं. ओट्याखालच्या ट्रॉल्यांच्या बिजागरीत, मिक्सरच्या तळाशी, पाण्याच्या फिल्टरमागे ती आहेत. परवा आलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्याच्या नळीदार कडांमध्ये, पेटी वागवणारी एक मादी आहे. ऊब, ओल, अन्न आणि पाठपोटाला लागणारी चीर: झोपडीत होतं ते सगळं इथे आहे, आणि पालीला जागा मात्र कमी आहे.

सकाळी पेस्ट कंट्रोलचा माणूस येतो. पिचकारीतून मसुराच्या डाळीएवढे जेलचे थेंब तो बिजागरीत, फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात, सिंकच्या पाइपाजवळ लावतो. मोठा गोळा एका जागी ठेवत नाही, कारण गाभण मादी लांब हिंडत नाही. थेंब तिच्या फटीच्या तोंडाशीच लागतो.

“ताई, आता यावर स्प्रे मारायचा नाही हं,” तो जाताना सांगतो. “आणि कोपऱ्यांत फिनेलने पुसू नका.”

त्याचं ऐका. स्प्रेच्या वासाने झुरळं थेंबापाशी फिरकणार नाहीत. जेलचं विष सावकाश काम करतं, ते मुद्दामच. खाल्लेलं झुरळ फटीत परत जातं, तिथे विष्ठा टाकतं, आणि बाहेर न पडणारी अगदी लहान पिल्लं ती विष्ठा खातात. त्यांना खेटून ठेवणारी सवयच विष आतपर्यंत नेते. सिंकचा गळका नळ आजच दुरुस्त करा आणि रात्री ओटा कोरडा ठेवा, म्हणजे त्यांची पाण्याची सोय तुटेल. पुठ्ठ्याची खोकी घरात साठवू नका. आणि तीन-चार आठवड्यांनी त्या माणसाला परत बोलवा, कारण आज मेलेल्या माद्यांपैकी काहींच्या पेट्या पुऱ्या भरत आलेल्या असतील, आणि त्या फुटून निघालेल्या पिल्लांसाठी थेंब ताजे असले पाहिजेत. त्या वेळी त्याला विचारा की मागच्या जेलात कोणतं औषध होतं, आणि या खेपेला त्याच गटातलं नको, दुसऱ्या गटातलं लावायला सांगा.